जपानी सिनेमाची दुपार

परवा भाच्याने टीव्हीवर एक जुना जपानी सिनेमा लावला. बंदरावर दोन टोळ्या तलवारी उपसून समोरासमोर उभ्या होत्या, आणि हाच सिनेमा जिथे पाहिला होता तो धुळ्याच्या कॉलेजातला हॉल मला आठवला. खिडक्यांना काळे पडदे, प्रोजेक्टरची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. हॉलभर मुलगे; मुली आम्ही दोघीच, मी आणि माझ्या खोलीत राहणारी सुनंदा. वसतिगृहाच्या वहीत आम्ही 'लायब्ररी' लिहून आलो होतो.

मध्येच सुनंदा म्हणाली, "डोकं दुखतंय गं, मी जाते. तू बघ निवांत."

एकाच पेल्यातून पिऊन भाऊ झालेले ते गुंड पुढे एकमेकांवर उलटले. मी डोळे फाडून बघत राहिले.

बाहेर आले तर दारात रेक्टरबाई. दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून वडील आले. "बठ्ठं सामान भर," आबा एवढंच बोलले. माझी ट्रंक सुनंदानेच भरली. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून माझा हात धरून ती हुंदके देत रडली. आबासुद्धा म्हणाले, "चांगली मैत्रीण शे तुनी."

माझं शिक्षण तिथेच संपलं. कित्येक वर्षं मला त्या रडण्याचा आधार वाटायचा.

मग जामनेरला एका लग्नात रेक्टरबाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सुनंदानेच तर येऊन सांगितलं मला. स्वतः मात्र लायब्ररीत होते, असं म्हणाली ती."

तिचं रडणं खोटं होतं असं म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. पण एसटी हलली तरी तिने माझा हात सोडला नव्हता.