शुभांगीचं वावर आणि बांधाबाहेरचा वसंता

किस्से जमवावे लागत नाहीत. उकिरड्यासारखे ते आपले आपण वाढतात. रोज एक टोपलं पडतं, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस पाहावं तर ढीग छातीला लागलेला. शुभांगी आणि केदार आमच्या गावात राहायला आले तेव्हापासून तर हा ढीग भराभर वाढतो आहे. पारावर बसलो की कोणी ना कोणी म्हणतंच, नामदेवबुवा, काढा एखादं टोपलं. मी सावकाश बोलणारा माणूस. माझा एक किस्सा संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. तरी सांगतो.

---

शुभांगी ही माझ्या मित्राची, वसंताची मुलगी. वसंता आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो. मग मी गुरांमागे गेलो, तो शिकत गेला आणि चिखलीला शाळेत क्लार्क झाला. गावचं वावर पडीत पडलं, त्यातलं घर बसलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पोरीला शिकवली, पुण्याला पाठवली, की झालं!

आणि ती पोरगी पुण्याची नोकरी सोडून, नवऱ्याला, केदारला, घेऊन त्याच वावरात परत आली. म्हणे जमीन पुन्हा जिवंत करायची, चार खोल्या बांधायच्या, आणि शहरातल्या माणसांना शांतपणे राहायला बोलवायचं.

वसंता तिला म्हणाला, "जे वावर मी तुह्यासाठी सोडलं, त्याच्या बांधाले मी आता पाय लावणार नाही."

शब्दाचा पक्का माणूस. पण दर आठवड्याला चिखलीहून जीपनं गावच्या स्टँडवर येतो. तिथंच टपरीवर बसतो आणि मला बोलावून घेतो.

"विहिरीले पाणी किती हाये बे?"

"कोनाच्या?"

"असंच, कोनाच्याही."

मी पाणी सांगतो, तूर सांगतो, गाय व्यायली ते सांगतो. पोरीचं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही. मग तो परतीच्या जीपमध्ये बसतो. तिकडे शुभांगी चार खोल्यांपैकी तीनच पाहुण्यांना देते. विहिरीकडची खोली झाडून, गादी घालून रिकामी ठेवते. पाहुण्यांनी विचारलं तर केदार सांगतो, तिथलं काम चालू आहे.

---

पहिल्याच हिवाळ्यात पुण्याहून एक बाई एकटीच आली. तिनं मौन धरलं होतं. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, सकाळी दूध घेऊन गेली आणि नाव विचारलं, तर बाईनं हात जोडले आणि ओठावर बोट ठेवलं.

बुढी घरी आली ती तोंड उतरवूनच. म्हणाली, बाई बोलत नाही, धड जेवत नाही, झाडाखाली डोळे मिटून बसते. घरचं कोणी गेलं असेल बिचारीचं.

आता ज्या घरी दुःख झालं तिथं चूल पेटत नाही, शेजारणींनी पिठलं-भाकरी न्यायची आणि जवळ बसायचं, ही आमच्याकडची रीत. दुपारी पाच-सहा बायका टोपली घेऊन गेल्या आणि त्या बाईभोवती गोल करून बसल्या. बाई हातानं खुणा करून सांगू लागली, की तसं काही नाही. जितक्या खुणा ती करी तितक्या ह्या जास्त हळहळत. शेवटी बुढीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"होते माय. समद्यांच्याच घरी होते."

आणि ती बाई खरंच रडायला लागली. ती रडली म्हणून ह्या रडल्या. प्रत्येकीनं आपलं आपलं काढलं. केदार विहिरीवरून आला तर झाडाखाली सगळा आकांत चाललेला. तो तसाच बादली घेऊन मागं फिरला.

जाताना त्या बाईनं बुढीला मिठी मारली आणि मग मोबाइलवर काहीतरी लिहिलं. पुढं उन्हाळ्यात एक जोडपं आलं. सामान ठेवायच्या आधी त्यांनी केदारला विचारलं, "तो बायकांबरोबर रडायचा प्रोग्रॅम सकाळी असतो की दुपारी?"

---

केदारनं बिनपाण्याचा संडास बांधला. वर राख टाकायची, वर्षानं खत काढायचं. गावात घरोघरी फ्लश येऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं लोकांना वाटलं, हा माणूस उलटा चाललाय. तरी शुभांगी गावची लेक म्हणून सगळे उद्घाटनाला आले. वयानं मोठा म्हणून नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. टाळ्या झाल्या, खोबरं वाटलं.

पण कोणी हलेना. सगळे माझ्याकडे पाहत उभे!

केदार अदबीनं म्हणाला, "काका, आता आत जा ना."

गेलो. आत राखेचा डबा होता, हवा छान येत होती. बाहेर अर्धं गाव थांबलेलं. बराच वेळ बसलो, दोन डबे राख टाकली आणि बाहेर आलो. पुन्हा टाळ्या झाल्या.

---

घराच्या भिंती मातीच्या बांधल्या. केदारचा नेम होता, सिमेंटचा कणही वापरायचा नाही. मातीत भुसा, शेण आणि बेलफळ भिजवलेलं चिकट पाणी घालायचं. काम सलीम मिस्त्रीकडे होतं. गावातला प्रत्येक स्लॅब त्याच्या हातचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

त्या वर्षी पाऊस आडवा आला. तीन भिंतींचे पापुद्रे निघाले, कोपरे वाहून गेले. पावसाच्या तोंडावरची पश्चिमेची भिंत मात्र जशीच्या तशी! केदार दोन दिवस तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. हात फिरवून पाहिला, वास घेतला, फोटो काढले. मग त्यानं मिस्त्रीला बोलावून विचारलं, ह्या भिंतीत वेगळं काय केलं होतं?

मिस्त्री जमिनीकडे पाहत म्हणाला, "बेलफळाचं पानी जरा जास्त पडलं होतं, साहेब."

नंतर मला म्हणाला, सिमेंटबिगर गावच्या लेकीचं घर पडलं तर तोंड कुठं दाखवू? केदारला कोणी काही सांगितलं नाही. तो पाहुण्यांना अजून बेलफळ किती भिजवायचं ते शिकवतो.

---

ह्या पावसाळ्याच्या शेवटी वसंता टपरीवर आला, पण विहिरीचं पाणी विचारलं नाही. चहा संपल्यावर म्हणाला, चिखलीच्या बाजारात आमच्या गावचे लोक भेटतात आणि तोंडावर हसतात. म्हणतात, पोट्टीले शिकवून वावरात गवत वाढवलं.

आमच्याकडे गवत ही साधी गोष्ट नाही. वावर निंदलेलं नसलं की त्या घरात कर्तं माणूस नाही असं समजतात. मी त्याला सांगून पाहिलं, की ते ती मुद्दाम ठेवते. तुरीच्या ओळींमधे चवळीचे वेल आणि गवत राहू देते. जमीन उघडी पडली की मरते, तिलाही पांघरूण लागतं, असं तिचं म्हणणं. ह्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नाही. आमच्या बुढीनं एकदा सवयीनं चार वेल उपटले, तर शुभांगीनं ते तिच्याच हातानं परत लावून घेतले.

वसंतानं सगळं ऐकलं. म्हणाला, "पांघरून," आणि जीपमध्ये जाऊन बसला.

---

त्यानंतर एक दिवस शुभांगी आणि केदार पहाटेच बियाणं आणायला जळगाव जामोदला गेले. मुक्काम करून येणार होते. वावरावर राखणीला मी एकटा. सकाळी पाहतो तर बांधाच्या पलीकडे वसंता उभा. कडक इस्त्रीची पँट, पायात चामडी चपला.

ती घरी नाही हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. मीच सांगितलं होतं.

त्यानं वाकून बांधावरचं थोडं गवत उपटलं. मग म्हणाला, "खुरपं हाये का बे?"

मी म्हटलं, ती रागवेल.

"वावरात कोन चाललं? बांधावरचं काढतो."

मी खुरपं दिलं. त्यानं बांधाबाहेर बसून बांध साफ केला. मग तिथूनच हात लांब करून पहिली ओळ धरली. हात पुरेना, तेव्हा एक पाय आत टाकला. थोड्या वेळानं पाहिलं तर चपला बांधावर होत्या, शर्ट बाभळीवर होता, आणि वसंता बनियनवर ओळीच्या मधोमध बसून सरकत होता. पँट गुडघ्यापर्यंत. मागं चवळीच्या वेलांचा ढीग. हात काही विसरला नव्हता.

त्याला थांबवावं की नाही, मला कळेना. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

दुपारी गाडीचा आवाज आला. बियाणं लवकर मिळालं म्हणून दोघं त्याच दिवशी परतले होते. शुभांगी गाडीतून उतरली आणि जागीच उभी राहिली. केदार ढिगाकडे पाहून म्हणाला, "अहो बाबा, ते तर..." तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. 

वसंतानं वर पाहिलं. अर्धवट उठला. खुरपं मागं धरलं.

"लय गवत झालं होतं," तो म्हणाला.

शुभांगीनं ओढणी कमरेला बांधली. कोठीतून दुसरं खुरपं आणलं आणि बापाच्या शेजारची ओळ धरून बसली.  खुरप्यांचा तेवढा आवाज. अर्धी ओळ झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमची वळ वाकडी जाऊन राह्यली."

"तू तुही पाह्य."

केदार माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा पडला होता. हळूच म्हणाला, "काका, हे सगळं आपणच पेरलं होतं ना?"

"हाव," मी म्हटलं. "कोठीत अजून एक खुरपं हाये. घेऊन ये."