दारातले मावसाजी

आमच्या मावसाजींइतका नियम पाळणारा माणूस अख्ख्या इंदुरात तेव्हा दुसरा नव्हता, आणि पुढेही झाला नाही. खरं तर त्यांना मावसाजी म्हणायचं की नाही, हाच आमच्या घरी मोठा प्रश्न होता. माझ्या धाकट्या मावशीशी त्यांचं लग्न झालं होतं आणि नवा कायदा आल्यावर कोर्टाच्या हुकमाने दोघं वेगळी झाली होती. नवरा मेला तर बाईला काय म्हणायचं हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं, पण कोर्टाने वेगळं केलेल्या मावसाजींना काय म्हणायचं हे आमच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील त्यांना नुसतं ‘तो’ म्हणत, शेजारी ‘कोर्टवाले भिया’, म्हणजे कोर्टवाले भाऊ, म्हणत. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि स्वभावाने आगाऊ होते, म्हणून मी जुनंच नाव चालू ठेवलं.

ते मिलच्या फाटकावर टाइमकीपर होते. कोण कामगार कधी आत आला, कधी बाहेर गेला, हे लिहायचं. सूट कोणाला नाही, स्वतःलाही नाही. याच गुणाने त्यांचं घर बुडालं. त्यांचा पहिला मुलगा अजून पावलं टाकायला शिकत होता तेव्हा तापाने फणफणला, आणि शेजाऱ्याने मिलमध्ये निरोप नेला. मावसाजींनी निरोप ऐकून घेतला आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत जागेवर बसून राहिले, कारण ज्याची परवानगी लागे तो साहेब गावाला गेला होता. भोंगा झाल्यावर धावत घरी आले, तोवर पोर गेलेलं होतं. लवकर येऊनही काही उपयोग नव्हता असं डॉक्टर म्हणाले, पण मावशीच्या कानात ते शिरलं नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्याही शिरलं नसतं. पुढे मुलगी झाली, कुंदा, पण त्या घरात दोन माणसं बोलत नव्हती आणि तिसरं नुकतंच बोलायला शिकत होतं. कुंदा शाळेत जायला लागली त्या साली मावशी तिला घेऊन आमच्याकडे राहायला आली.

कोर्टाने दोघांचं म्हणणं ऐकून मुलीची वाटणी केली. शनिवार संध्याकाळपासून सोमवारच्या शाळेपर्यंत कुंदा बापाकडे, बाकीचे दिवस आईकडे, सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. शाळेचा खर्च बापाचा, आणि आईकडे असेल त्या दिवसांचं दूधही बापाने, मुलगी सज्ञान होईपर्यंत, आमच्या पत्त्यावर पोचवायचं. मुलीला न्यायचं-आणायचं तेही आमच्या घराच्या दारात. मावसाजींना हा हुकूम रामरक्षेसारखा पाठ होता. दारात म्हणजे दारात. दर शनिवारी सकाळची पाळी संपवून समोरच्या लिंबाखाली उभे राहत, मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की रस्ता ओलांडून पायरीवर येत, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल म्हणून टाकत नसत. माझी आई चहाचा कप उंबऱ्यावरून बाहेर द्यायची. पाऊस असला की एका हातात छत्री आणि एका हातात बशी. माझ्या वडिलांनी आधी पुष्कळ आदळआपट केली, मग कंटाळून स्वतःची खुर्ची दाराशी ओढली, आणि एक आत, एक बाहेर असे दोघं चहा पिऊ लागले. आत या म्हटलं की मावसाजींचं उत्तर ठरलेलं: “जज्जसाहेबांनी दारात लिहिलंय, भिया.”

मुलगी जशी नेली तशीच परत करायची, हाही त्यांचा नियम, आणि तो तर हुकमातही नव्हता. कुंदा ज्या फ्रॉकमध्ये जाई तोच फ्रॉक धुऊन, निखारे घातलेल्या तांब्याने इस्त्री करून, अंगात घालूनच सोमवारी शाळेत जाई. एकदा त्यांच्याकडे खेळताना फ्रॉक फाटला. मिलमधल्या रफूवाल्याकडून त्यांनी स्वतः रफू शिकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी फ्रॉक परत देत, दारात उभं राहून, आत कोणी ऐकत असेल या हिशोबाने, तो कुठे आणि कसा फाटला हे खणखणीत आवाजात सांगितलं. मावशी आत भाजी चिरत होती. तिने हात पुसून रफूवरून बोट फिरवलं. तो फ्रॉक तिने पुढे कोणाला दिला नाही.

मग राज्य नवं झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि एकेक सरकारी खातं तिकडे हलू लागलं. मावशी असल्याच एका खात्यात कारकून. जा नाहीतर नोकरी सोड, एवढंच तिच्यापुढे होतं. हुकमात भोपाळचा उल्लेख नव्हता. वकिलाने मावसाजींना सांगितलं की बाई मुलीला गावाबाहेर नेऊ शकत नाही, अर्ज करा, कायदा बापाच्या बाजूने आहे, मुलगी कायमची तुमची होईल. आमच्या घरात चूल पेटेना. हा माणूस कागदाबाहेर कधी गेला नव्हता, आणि आता कागद त्याच्या हातात होता. मावशी रात्रंदिवस कुंदाला कुशीत घेऊन बसायची. शेवटी माझे वडील लिंबाखाली जाऊन त्यांनाच विचारून आले. मावसाजी म्हणाले होते, “मुलीला आईपासून तोडायचा हुकूम मिळेल, मालूम आहे मला. पण मिळाला तर पाळावा लागेल ना? तो मला पाळता येणार नाही. म्हणून अर्जच नाही करणार.” वडिलांनी घरी येऊन हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी मावसाजींना ‘तो’ म्हणणं सोडलं.

निघायची गाडी आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारची. टांगा दाराशी उभा, ट्रंक चढवलेली. मिलची वेळ, तेव्हा मावसाजी येणार नाहीत हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आणि ते आले. घामाने डबडबलेले, कामावरचाच कोट अंगात. मावशी उंबऱ्याशी उभी राहिली. कोर्टानंतर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती.

“आज भोंग्याच्या आधी आलात,” ती म्हणाली.

“हो,” मावसाजी म्हणाले. “तेव्हा नाही आलो.”

मावशीने कुंदाला पुढे आणलं आणि तिचा हात त्यांच्या हातात दिला. वार त्यांचा नव्हता. त्यांनी लेकीला उचलून टांग्यात बसवलं, तिचे पाय शालीने झाकले आणि टांगा वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. मग मिलमध्ये परत जाऊन त्यांनी स्वतःच्याच नावापुढे गैरहजेरी लावली.

दूध मात्र थांबलं नाही. मूल भोपाळला आणि दूध जुनी इंदूरमध्ये, पण हुकमात पत्ता आमचा होता. बाकीचे दिवस त्यांनी लावलेला दूधवाला येई; रविवार मूळचा त्यांच्याकडचा, पण आता तोही मावशीकडे, म्हणून त्या दिवशीचं दूध ते स्वतः लोटीत घेऊन येत आणि पायरीवर ठेवत. शेवटी माझ्या आईने साय साठवून तूप कढवायला सुरुवात केली आणि भोपाळला जाणाऱ्या माणसाबरोबर बरणी धाडू लागली. त्यांना सांगितलं तर विचारात पडले, हे चालतं का म्हणून. आईने विचारलं, तूप नको असं कुठे लिहिलंय? त्यांनी मनातल्या मनात अख्खा हुकूम म्हणून पाहिला आणि म्हणाले, “नाही लिहिलं.” लेक सुट्ट्यांत यायची, पण वर्षागणिक लाजत गेली. आधी गळ्यात पडणारी पोर पुढे त्यांना वाकून नमस्कार करू लागली. ते ‘असू दे, असू दे’ म्हणत पायरीवरून मागे सरत. मला ते बघवायचं नाही.

कुंदा सज्ञान झाली त्या दिवशी मावसाजी इस्त्रीचा कोट घालून आले आणि हुकूम आज संपला असं त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग आता तरी आत या.” त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. “आता कोणत्या नात्याने येऊ, ताई?” आईने नेहमीसारखा कप बाहेर दिला. त्यांनी उभ्यानेच चहा घेतला, बशी पुसून परत केली आणि गेले. केस पांढरे झाले होते, चाल तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दाराशी आला. आता दूध नको, असं आईने सांगितलं, तर तो म्हणाला, “बाबूजी ने मना नहीं किया.” मग आईने पातेलं पुढे करून दूध घेतलं आणि तापायला ठेवलं. त्या दुधाला आता कोणाचाच हुकूम नव्हता.