कंसातलं ‘तत्काळ’

माझे सासरे अण्णा कुठल्याही प्रश्नाला चटकन “हो” म्हणत नसत. चहा टाकू का, विचारलं तरी “मसुदा येऊ द्या” म्हणायचे. कप समोर आल्यावरच संमती. वर्ल्डकपसाठी अख्खं दोहा शहर खणून ठेवलेलं होतं, त्या वर्षांत ते आमच्याकडे, तिथल्या बिन महमूद भागात, राहायला आले, आणि माझी सगळी आश्वासनं तपासणीला गेली.

एकदा आमच्या कंपनीतल्या ड्रायव्हरचा, तानाजीचा फोन आला. कराडकडचा माणूस. लेकीच्या लग्नाला रजा हवी होती. साहेब “इन्शाल्ला” म्हणाले होते, तेवढ्यावर मी दिलदारपणे सांगून टाकलं, “रजा झालीच समज!”

“सही झाली?” अण्णांनी विचारलं.

“होईल हो, अण्णा.”

“जावईबापू, बसा.”

अण्णा निवृत्त सरकारी लघुलेखक. तरुणपणी आफ्रिकेतल्या एका शिखर परिषदेला गेले होते. मूठभर गोऱ्यांच्या हातातला एक देश स्वतंत्र कसा करायचा, यावर देशोदेशीचे पंतप्रधान नि अध्यक्ष भांडत होते. ज्या शब्दावर एकमत नाही, तो मसुद्यात कंसात राहायचा. शेजारच्या टाइपरायटरवर त्याच देशातून परागंदा झालेली रूथ बसायची. नवरा तिकडे तुरुंगात. ‘राजकीय कैद्यांना तत्काळ सोडावे’ यातलं ‘तत्काळ’ कंसात होतं.

“संध्याकाळी कानावर आलं, कंस निघाले, शब्द मान्य. मी तिला म्हटलं, ‘सेटल्ड, मॅडम.’ तिनं घरी निरोप धाडला. सकाळी नवा मसुदा माझ्याच हाती. ‘तत्काळ’च्या जागी ‘यथावकाश’. मी टाइप करतोय आणि ती शेजारून मला कार्बन लावून देतेय. वाचलं तिनं. पुढचा कार्बनही सरळ करून दिला.”

“आणि नवरा?”

“विचारायची छाती झाली नाही. तिचं यंत्र अजून ऐकू येतं मला. मध्येच थांबतं.”

मी तानाजीला फोन लावला. “अजून सही नाही रे.”

“सायेब, मी पोरीला सांगून बसलोय की!”

सही झालीच नाही. स्टेडियमच्या कामापायी सगळ्यांच्या रजा खलास. तानाजीनं लग्न आमच्या हॉलमध्ये मोबाइलवर पाहिलं, फेटा बांधून. फोन अण्णांनी दोन्ही हातांत धरला होता. मंगलाष्टकं संपल्यावर नवरी पडद्याशी वाकून बापाला म्हणाली, “आबा, दिसतंय का?”

अण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, “सॉरी, मॅडम.”

नवरीला मॅडम! तानाजी डोळे पुसता पुसता हसला, माझी बायकोही हसली. घरातल्या प्रत्येक विनोदाला सगळ्यांत आधी हसणारा मी, मान खाली घालून उभा होतो.