जंतबाईंच्या बरण्या

माशाच्या पोटात जंत सापडला की आमच्या बाई टाळी वाजवायच्या. पोट कोरं निघालं तर चेहरा पडायचा. "काय हे, एकसुद्धा नाही?" अंधेरीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मुलांनी त्यांचं नाव जंतबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा तर फोनवर त्या स्वतःच म्हणाल्या, "हां, जंतबाई बोलतेय."

ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. विभागाच्या म्युझियममध्ये एक कपाटभर बरण्या होत्या. वर्सोव्याच्या खाडीत तीस-चाळीस वर्षांपूर्वी धरलेले मासे, बहुतेक बोय जातीचे, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले. प्रत्येक बरणीवर जागा आणि तारीख. सगळ्यांना ती अडगळ वाटे. बाई म्हणत, "अगं, मासा बरणीत गेला तेव्हा पोटातले भाडेकरूही गेले. त्या वेळी खाडीत कोण राहत होतं, हे दुसरं कोण सांगणार?" पोटाला बारीक चीर द्यायची, जंत मोजायचे, मासा परत शिवून ठेवायचा. टाके इतके सुबक, की मी एकदा ब्लाउज शिवायला देऊ का म्हणून विचारलं.

तुलनेला आजचे मासे हवेत म्हणून आम्ही वर्सोव्याच्या बाजारात गेलो. बाईंनी हिराबाई कोळणीला सरळ सांगितलं, "जंत असलेली बोय दे."

"माज्या म्हावऱ्यात किरे?" हिराबाई कोयता घेऊन उठलीच. "सकालीच भांडाया आली काय गो?"

तिला समजावण्यात अर्धा तास गेला. पण पुढे हिराबाईच रोडावलेली बोय बाजूला काढून ठेवू लागली. "ही घे बाय. आजारी दिसते."

जुन्या बोयांत खच्चून भरलेला एका जातीचा जंत नव्या बोयांत सापडेचना. मी म्हटलं, "बरंच झालं की!" बाई वैतागल्या. "त्याचं बालपण गोगलगायीत, तरुणपण माशात, संसार बगळ्यात. एक बिऱ्हाड उठलं की वंश बुडाला."

हिराबाई ऐकत होती. "चिखलातले बारके शंख ना? पाण्यावर तेल दिसाया लागला, तवापासून गेले ते."

बाईंनी तिथेच, माशांच्या पाटीवर वही ठेवून, ते लिहून घेतलं.

मग नवे प्राचार्य आले. तपासणी समिती येणार म्हणून त्यांनी 'सडके मासे' काढायला सांगितले. आम्ही पोहोचलो तोवर शिपायाने निम्म्या बरण्या गटारात ओतल्या होत्या. बाई गटाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलाव." उरलेल्या बरण्या त्यांच्या घरी गेल्या. यजमानांनी एवढंच विचारलं, "फ्रिजमध्ये नाही ना ठेवणार?"

सोमवारी समितीने पहिला प्रश्न केला, "म्युझियम कुठे आहे?" तासाभरात शिपाई घामाघूम होऊन बाईंच्या दारात. बाईंनी बरण्या दिल्या, पण कपाटाची किल्ली यापुढे आपल्याकडे राहील, हे प्राचार्यांकडून लेखी घेऊनच.

निवृत्तीच्या दिवशी ती किल्ली त्यांनी मला दिली. मी कपाट उघडलं. ओतून दिलेल्या बरण्यांच्या जागी नव्या बरण्या होत्या. ताज्या बोया, चिठ्ठीवर वर्सोवा, तारीख, हिराबाईचं नाव. खाली एक ओळ: 'पोट उघडलेले नाही.'

"बाई, आत काय आहे ते बघितलंच नाही?"

"हात फार शिवशिवले गं," त्या म्हणाल्या. "पण चाळीस वर्षांनी कुणीतरी येईल ना, तिला राहू दे."