सिंधूमावशीचं माप

बाई दारातून आत येईपर्यंत सिंधूमावशीला तिच्या ब्लाउजचं माप कळलेलं असायचं. टेप लावायची ती निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तेलंगणातल्या आमच्या इचोड्यातल्या तेलुगू बायका तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढं जरा पोट आत घेऊनच उभ्या राहत.

दहावीनंतर मी तिच्याकडं शिवण शिकायला जाऊ लागले. शिवलेलं पुढं केलं की ती शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि एकच शब्द बोलायची, "उसव." मी रडकुंडीला यायचे. एक बाही तर मी चार वेळा उसवली होती.

तिचं मणक्याचं दुखणं माझ्या आधीपासून त्या घरात होतं. "माहं दुखणं घरजावई हाये," ती हसून म्हणायची, "जायचं नावच घेत नाही. मंग त्याले चहा पाजायचा, दुसरं काय?" दुखण्याची अशी थट्टा चालायची, पण त्यानं अंगाचं जे करून टाकलं होतं, त्यावर अवाक्षर नाही. पाठीला पोक आलं होतं, डावा खांदा खचला होता, गोळ्यांनी अंग सुजलं होतं. तरी स्वतःचा ब्लाउज ती लग्नातल्या जुन्या ब्लाउजवरूनच बेतायची, कडेनं थोडा सैल सोडून. तो डावीकडं ओघळायचा, पाठीवर ओढायचा, काखेत काचायचा. म्हणून दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च. फोटोत ही कायम मागच्या रांगेत. साऱ्या गावाची मापं घेणारी ही बाई आपल्या अंगाला टेप शिवू देत नव्हती.

मुधोळला भाचीचं लग्न निघालं, तेव्हा तिनं जांभळं कापड माझ्यापुढं टाकलं आणि पाठ करून उभी राहिली. "घे माप."

टेप डाव्या खांद्यावर नेली, तर आकडा उजव्याहून बराच वेगळा आला. मी दोन्ही खांदे सारखेच सांगितले.

ती वळली. "काऊन खोटं बोलून राह्यली? माह्या अंगाची तुले लाज वाटते का?"

मला तर तिची कीव आली होती. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच झोंबतं.

"इतके वर्सं मीच खोटं शिवत आली," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटे, जुन्या मापाचं घातलं तं जुनी सिंधू परत येईन. लय वाट पायली तिची. नाही आली. आता जी हाये तिच्यासाठी शीव."

मी दोन खांदे दोन मापांनी बेतले, पाठीला पोकाएवढी जागा दिली. ब्लाउज घालून ती आरशापुढं बराच वेळ उभी राहिली. मग खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "उसव" म्हणाली नाही. डाव्या खांद्यावरचा पदर मात्र काढून मागं सोडून दिला.

त्या लग्नातला एक फोटो माझ्या दुकानात लावलाय. मावशी पुढच्या रांगेत आहे. खांदा वाकडाच, पण ब्लाउज कुठंही ओढलेला नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली. दुखणं शेवटपर्यंत हललं नाही, आणि तिचे ब्लाउज शेवटपर्यंत मीच शिवले.

आता बायका माझ्या शिवणीचं कौतुक करतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी ब्लाउज पुरा झाला की तो हातात धरून मी जराशी थांबतेच. मावशीची फार आठवण येते. वाटतं, तिनं एकदा यावं, शिवणीवरून अंगठा फिरवावा आणि म्हणावं, "उसव."