वसुधाताईंचा मोरपंखी

आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळाची गणपतीची स्मरणिका दरवर्षी वसुधाताईंच्याच गळ्यात पडायची. नव्याण्णव साली त्यांच्या घरी कम्प्युटर आला आणि बाई इरेला पेटल्या. म्हणाल्या, यंदा मुखपृष्ठ मीच करणार.

मुखपृष्ठावर काय, तर त्यांच्या आईच्या पैठणीचा पदर. आई गेल्यावर ती पैठणी आवराआवरीत कुठे गेली ते कळलंच नाही. फोटो होता तोही काळापांढरा. म्हणून तो मोरपंखी रंग ताईंनी आठवून आठवून पडद्यावर जुळवला. जमला तेव्हा तिथेच बसून रडल्या.

सेक्टर बावीसमधल्या प्रेसमधून प्रूफ आलं, ते मळकट हिरवं.

"फाइल वही है जी," प्रेसवाले बेदीजी म्हणाले. "पर आपने स्क्रीनवाले रंगों में बनाई है. छपाई चार स्याहियों में होती है. बदलना पड़ता है, तो रंग दबता ही है."

ताईंना काही केल्या उमगेना. फाइल तीच, तर रंग दुसरा कसा? त्यांनी निळा वाढवला, पुढचं प्रूफ जांभळट आलं. पिवळा घातला, तर थेट शेवाळ! शेवटी या बाईंनी घरचा कम्प्युटर, ते मॉनिटरचं अवजड धूड चादरीत गुंडाळून, रिक्षात घातला आणि प्रेसमध्ये नेऊन मांडला. "ऐसा चाहिए!" बेदीजींनी तीच फाइल आपल्या मॉनिटरवर उघडली. तिथे तिसराच रंग. दोघंही खुळ्यासारखी या पडद्यावरून त्या पडद्यावर बघत राहिली. सोबत मी होते, मला तर गरगरायला लागलं.

गणपती तोंडावर आले होते. "पहलेवाला छाप दो," ताई म्हणाल्या. आईची शेवटची खूणही आपण घालवली, असं त्यांना वाटत होतं. स्मरणिका आली तेव्हा त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलंही नाही. साताऱ्याला थोरल्या बहिणीला, शैलजाताईंना, एक प्रत गेली ती डॉक्टरांनी, म्हणजे वसुधाताईंच्या यजमानांनी, परस्पर पाठवली म्हणून.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. स्पीकर चालू होता.

"वसू, आईची पैठणी गं! अगदी हाच रंग!"

"हा? अक्का, हा मळका आलाय. आईची किती झळाळायची!"

"झळाळायची कुठली? तुझ्या जन्माआधीच विटली होती ती. आईनं तशीच नेसून आपली सगळी कार्यं काढली."

फोन ठेवून ताईंनी ते मुखपृष्ठ पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मग मी इतकी वर्षं कुणाची पैठणी आठवत होते?"