चष्मेवाला आणि बार्नॅकल

आमचा दादा चष्मेवाला. दुकान खाली, घर वर. वहिनी गेल्यापासून घरात दोघंच, तो आणि मी, त्याची धाकटी बहीण. काचेची कड घासून तो फ्रेममध्ये अशी बसवतो की केसाइतकी फट राहत नाही. पण मनातलं बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी!

त्याची एकुलती एक लेक समुद्राचा अभ्यास करते. वर्षातला बहुतेक काळ जहाजावरच. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, मलाही ऐकू यावं म्हणून दादा तो स्पीकरवर लावायचा, आणि चहा निवायच्या आत तो संपायचा.

"जेवलीस का?"

"जेवले."

"तब्येत?"

"बरी आहे."

मग दादा खाकरायचा, ती "ठेवू का?" म्हणायची. त्यानंतर हा काउंटरची स्वच्छ काच पुन्हा पुसत बसायचा. मला अस्सा राग यायचा. अरे, पोटची पोर ना ती!

एका रविवारी तिच्या बोलण्यात 'प्लवक' हा शब्द आला. दादानं सहज विचारलं, "म्हणजे काय गं?" आणि पोर खुलली. पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, प्रवाहाविरुद्ध पोहायची ताकद नसलेले, आणि त्यांच्याच जिवावर सगळा समुद्र पोसला जातो म्हणे. त्या दिवशी चहा पार गार झाला, वर साय धरली.

झालं, दादाला किल्ली सापडली. फळीवरचं तिचं कॉलेजचं जाडजूड पुस्तक दुकानात आलं. गिऱ्हाईक नसलं की हा भिंग घेऊन वाचायचा आणि दर रविवारी नवा शब्द काढायचा. कधी प्रवाळ, कधी भरती-ओहोटीचा पट्टा, कधी जीवदीप्ती, म्हणजे समुद्रातल्या जिवांचा अंगचा उजेड. चष्मा न्यायला आलेल्या बिचाऱ्या माणसांनाही प्लवक ऐकून घ्यावे लागत.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. फिरून फिरून याचे प्रश्न एकाच जागी यायचे. कासविणीला आपल्या जन्माचा किनारा पुन्हा कसा सापडतो? नदीत वाढलेले ईल मासे समुद्रात परत कशासाठी जातात?

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मी एकदा म्हटलं. "सरळ विचार ना, कधी येतेस म्हणून."

"तिच्या कामात आपली लुडबुड नको," एवढंच बोलून तो चाकावर काच घासायला बसला.

आणि मग ती बातमी आली. दूरच्या एका संशोधन केंद्रावर तिला कायमची नोकरी देऊ केली होती. उत्तर पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं. "छान झालं," दादा फोनवर म्हणाला. त्या आठवड्यात त्यानं एका बाईंची डावी काच उजवीकडे बसवून दिली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. माझा जीव तुटत होता, पण बोलायला हवं होतं त्यानंच.

रविवारी त्यानं शब्द काढला, बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा कवचातला बारका जीव.

"पिल्लू असताना ते मोकळं पोहतं," लेक सांगू लागली. "मग खडकाखडकावर फिरून जागा चाचपतं. एखादी पसंत पडली की डोकं टेकवून चिकटतं. मग जन्मभर तिथंच."

"चिकटण्याआधी…" दादा अडखळला. "आधीच्या खडकावर एकदा येऊन जातं का?"



"बाबा, तुला नक्की काय विचारायचंय?"

मी त्याला कोपरानं ढोसलं.

"तू घरी यावीस असं वाटतं," दादा एका दमात म्हणाला. "नोकरी घे, खुशाल घे. पण तुझ्यावाचून करमत नाही गं बाळा. समुद्राचं मला काय करायचंय? तू बोलत राहावीस म्हणून विचारत होतो."

"अरे बाबा, मी तळाच्या चिखलातल्या किड्यांवर काम करते. कासवं, ईल, बार्नॅकल, यातलं मला फारसं काही येत नाही. तुला गोडी लागलीय असं वाटलं, म्हणून आठवडाभर वाचून ठेवायचे. न जाणो, पुढच्या रविवारी काय विचारशील!"

बाप तसा बेटा ऐकलं होतं, इथं लेकही तशीच निघाली. मी हसता हसता डोळे पुसले.

नोकरी तिनं घेतली. ती घरी यायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पुस्तक फळीवर परत गेलं, आणि दादा कधी कधी जेवताना तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो, तेव्हा आता मला म्हणतो, "आठवण येते गं." तेवढं तरी म्हणतो.

परवा रविवारी फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले. जेवण करपलं होतं."

"कुणी करपवलं?"

"मीच!"

दोघं हसले. मग दोघंही गप्प. बराच वेळ गेला तसा मला धीर निघेना. "अरे, बोल काहीतरी!"

दादानं ओठांवर बोट ठेवलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"थांब," तो कुजबुजला. "तिच्या खोलीतला पंखा ऐकू येतोय."